मागची सीट

ही पैज जिंकली तर नवऱ्याची चांदी होती: महिनाभर लादी पुसण्यातून सुटका, वर दर रविवारी बसल्या जागी सैर. दोन सीटांच्या सायकलवर पुढे बायको आणि मागे तो. मागे बसून तो पाय नुसते पॅडलवर ठेवतो आणि हवा खातो, असा तिला दाट संशय. म्हणून पॅडलचे फेरे मोजणारे केडन्स सेन्सर दोघांच्या पॅडलांना लावायचे ठरले. त्याचे फेरे कमी भरले तर लादी त्याने पुसायची, नाहीतर तिने.

"अगं, स्वस्तातला नको, एकही फेरा न चुकवणारा घे," असं दुकानात त्यानेच बजावलं. त्याचं काय जात होतं? पुढची-मागची पॅडलं एकाच साखळीने जोडलेली. एकाने मारली की दुसऱ्याची आपसूक फिरतात, हे तिला कुठे ठाऊक होतं!

रविवारी हँडलवरच्या मोबाइलमध्ये दोघांचे आकडे तंतोतंत सारखे आले. बायको ओशाळली. "उगाच तुमच्यावर आळ घेतला हो," म्हणाली. त्यानेही मोठ्या मनाने माफ करून टाकलं.

तेवढ्यात टेकडीचा चढ लागला आणि सायकल एकाएकी जड झाली.

"अगं, पाय नुसते ठेवलेस की काय?" तो धापा टाकत म्हणाला.

"छे हो. आकडे बघा की, अजून सारखेच आहेत," म्हणत बायको शीळ घालू लागली.



चढ संपला तेव्हा फेरे दोघांच्या नावावर सारखेच जमा होते. घाम तेवढा मागच्या सीटच्या नावे खर्ची पडला होता.