आतेभावाचा फोन

दुपारचं आभाळ कसं लख्ख निळं होतं. सात पर्यटक शिडीने अरुंद घळीत उतरले आणि काठावरच्या गाईड लोरेनाचा फोन वाजला. चार कोस वरच्या अंगाला मेंढ्या राखणारा आतेभाऊ हर्शेल रोज याच वेळी पावसाची खबर द्यायचा, पण आधी “काय गं म्हातारे, दात उरलेत का?” असं डिवचून. अमेरिकेतल्या नवाहो आदिवासींमध्ये आते-मामेभावंडांचं बोलणं थट्टेशिवाय सुरूच होत नाही.

आज एकच शब्द आला आणि फोन कट झाला.

“वर या! सगळे, आत्ताच्या आत्ता!” लोरेना घळीत वाकून ओरडली.

सगळे काठावर कुरकुरत बसले. अर्ध्या तासाने खालून तांबडं पाणी ओंडके घेऊन गरजत गेलं.

एका आजींना राहवेना. “पूर आला म्हणाला का गं तो?”

“नाही, आजी. मला ‘ताई’ म्हणाला.”