अप्पांच्या जिभेवरचा प्रयोग

भामाच्या प्रयोगशाळेत मधुमेहावर सिरुकुरिंजान या रानवेलीच्या पाल्याची चाचणी चालू होती. त्याने उंदरांची साखर उतरेल की नाही, ते अजून कुणालाच सांगता येत नव्हतं. पण तो पाला चघळला की बराच वेळ जिभेला गोड कळतच नाही, हे तिने स्वतःच्या कॉफीवर अनुभवलं होतं. म्हणून तिरुवैयारूला आतेबहिणीच्या लग्नात, पंगत बसायच्या आधी, तिने वडिलांच्या हातात हळूच दोन पानं ठेवली. अप्पांची साखर गेल्याच आठवड्यात तीनशेवर गेली होती आणि पंगतीत तुपाने निथळणारा अशोका हलवा होता.

"चावा अप्पा, जेवण पचायला चांगलं."

अप्पांनी निमूट चावलं. मग सगळ्यांची नजर चुकवून हलव्याचा घास घेतला आणि तोंड वेडंवाकडं केलं. भामाला इतका आनंद झाला, की उद्या प्रयोगशाळेत म्हैसूरपाक वाटायचा असं ठरवूनच ती नाचत नवरीकडे गेली.

परत येते तर अप्पांची जागा रिकामी! शेवटी ते सापडले मांडवासमोरच्या नव्या एसटीडी बूथमध्ये. एका हातात द्रोण, दुसऱ्या हातात फोन, आणि ओरत्तनाडूच्या आपल्या शुगरवाल्या मित्राला ते ओरडून सांगत होते,

 

"नटराजा, मिळेल ती बस पकड! कुणा पुण्यवानाने खास आपल्यासाठी बिनसाखरेचा हलवा केलाय रे, माझा चौथा द्रोण चाललाय!"