खोडलेल्याखालची टिंबं
मी निवृत्त मुद्रितशोधक. नऊ वर्षं एकच अद्भुतरम्य कादंबरी लिहितोय. वाचनालयातून तशीच दुसरी आणली, की ती सरस वाटते आणि लाल पेन्सिल माझ्याच पानांवर चालते. ड्रॅगन असाच गेला, उडता किल्लाही. “अहो, असंच चाललं तर नुसते पानांचे आकडे उरतील,” बायको म्हणाली. आज नव्या पुस्तकात तोतरा जादूगार भेटला. माझाही तोतराच. मुकाट्याने त्याच्यावर रेघ ओढली. मग पुढे वाचलं. शेवटी राजकन्या त्याचा तोतरेपणा घालवते, तेव्हा कुठे त्याला मंत्र जमतो. “का म्हणून?” मी ओरडलो. बायको दचकली, माझा एवढा आवाज तिने ऐकलाच नव्हता. “म-म-माझा जादूगार तोतऱ्या जिभेनेच डोंगर हलवणार!” खोडलेला मजकूर तसाच ठेवायचा असेल, तर छापखान्यात त्याखाली टिंबं देतात. पेन्सिलीला टोक काढलं आणि जादूगारापासून ड्रॅगनपर्यंत उलटा टिंबं देत निघालो.