बॅगवाल्याची साक्ष

"नीट बघा, काका. घाई नाही," मुलगी म्हणाली आणि तिने फोटो काउंटरवरून त्याच्याकडे सरकवला.

घाई होती. परवा तिच्या वडिलांच्या अपिलाची शेवटची सुनावणी होती आणि हे बॅगवाल्यालाही ठाऊक होतं. चौदा वर्षांपूर्वी एक विमान हवेतच फुटलं, एकशे अठ्ठ्याऐंशी माणसं गेली. बॉम्ब ज्या बॅगेत होता, तिची मूठ याच दुकानात शिवलेली निघाली. ती बॅग कोण घेऊन आलं होतं, हे बॅगवाल्याने कोर्टात बोट दाखवून सांगितलं. बोट तिच्या वडिलांकडे होतं. तेव्हा ती चौथीत होती.

दुकान आठ बाय दहाचं. मागे पडदा, पडद्यामागे शिवणाची खोली. मुलीची खुर्ची दारातच होती. बॅगवाल्याला उठून जायचं म्हटलं तरी आधी तिला उठवावं लागलं असतं.

त्याने चष्मा चढवला. कोर्टात त्या मुठीचा तुकडा त्याला काचेच्या डबीत दाखवला होता, तोही लांबून. "टाका माझाच, साहेब. हजारात ओळखीन," असं तो छाती फुगवून म्हणाला होता आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांत ते छापून आलं होतं. बॅगवाल्याचा अभिमान त्याच्या दुकानात मावणारा नव्हता. फोटोत मात्र तोच तुकडा वहीच्या पानाएवढा केलेला होता. चामड्याची कड करपलेली, सात टाके शाबूत. सातव्या टाक्यापाशी त्याची नजर अडकली.

तिथे गाठ होती. दुहेरी गाठ, आणि तिच्या आधी एक टाका मागे घेतलेला.

बॅगवाला गाठ मारत नसे. तो दोऱ्याचं टोक मेणबत्तीवर धरून वितळवायचा आणि अंगठ्याने दाबून टाकायचा. गाठ मारायची ती त्याची बायको. ती विस्तवाला भ्यायची. दुकानातलं निम्मं काम पडद्यामागे तीच करायची, अस्तरं, चेनी, खिसे. पण गिऱ्हाइकाला तसं सांगायची पद्धत नव्हती. दुकान त्याचं, म्हणून टाकाही त्याचा. इतकी वर्षं हेच सांगून सांगून त्याला स्वतःलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

मुठी मात्र तो तिला देत नसे. मुठीला जोर लागतो. तिने मुठी शिवल्या त्या एकाच आठवड्यात, त्याची पाठ धरली होती तेव्हा. तो घरी आडवा पडून होता आणि काउंटरवरही तीच बसली होती.

मग तो चेहरा? तो कुठून आला? पोलीस फोटोंचा अल्बम घेऊन आले होते. पहिल्या वेळी त्याला कुणीच ओळखीचं वाटलं नाही. ते परत आले, आणि परत आले. चहा पाजून, पाठीवर हात ठेवून म्हणाले, आठवा, तुमच्याशिवाय आम्हाला कोण आहे. सहाव्या वेळी एक चेहरा ओळखीचा वाटला. वाटणारच की! पाच वेळा पाहिलेला होता.

"काय झालं, काका?"

"कुठे काय."

समोरच्या भिंतीवर चौकटीत एक पत्र होतं. विमानातल्या माणसांच्या घरच्यांनी त्याचे आभार मानले होते. त्यांतली एक म्हातारी अजून दर वर्षी येते, त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत धरते आणि म्हणते, तुमच्यामुळे मला झोप लागते. तिला आता काय सांगायचं? कोर्टाला काय सांगायचं, की मी त्या माणसाला कधी पाहिलंच नव्हतं? आणि नाही सांगितलं तर ही पोर उठून जाणार आणि तिचा बाप आत मरणार. बॅगवाल्याला भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त लाज.

"टाका माझाच आहे," तो म्हणाला. "कोर्टात सांगितलं तेच. माणूसही तोच."

मुलगी रडली नाही. तिने फक्त मान खाली घातली. मग म्हणाली, "थोडं पाणी मिळेल?"

निदान एवढं तरी तिला देता येत होतं. "अगं, पाणी आण गं," त्याने सवयीने हाक मारली, आणि हाक तोंडातून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं.

बायको पेला घेऊन बाहेर आली. त्याने फोटोवर हात ठेवला, पण उशीर झाला होता. तिने मान तिरकी करून पाहिलं, आपलं काम कुणी परत आणलं की बघावं तसं.

"अगंबाई, ही मूठ! ही तर मी शिवलेली."

"तू आत जा."

"जाते की. पोलीस आले तेव्हाही तुम्ही आतच पाठवलंत." ती मुलीकडे वळली. "यांची पाठ धरली होती ना, तेव्हाची आहे ही. चामडं इतकं जाड, दोन सुया मोडल्या माझ्या. का हो, उसवली का?"

तो तुकडा तिला कधी कुणी दाखवलाच नव्हता. नवरा म्हणाला होता की ते काम त्याचं, म्हणून बॉम्बची ती बॅग वेगळीच कुठलीतरी असणार, असं ती धरून चालली होती.

मुलगी उभी राहिली. पेला तसाच राहिला. "काकू," ती म्हणाली, आणि तिला शब्द जुळवायला वेळ लागला, "ही बॅग घेऊन जो माणूस आला होता, तो आठवतो तुम्हाला?"

"माणूस कुठला?" बायको म्हणाली. "बाई होती ती."