खालची बाजू

झाड आडवं पडलेलं, त्यामुळे आज वृक्ष-तपासनीसाला नुसतं वाकावं लागलं.

खोडावरची बुरशी चाकूने सोडवून त्याने तळहातावर घेतली. तपकिरी पट्टे, पांढुरकी कड. गेल्या वर्षी हीच बुरशी त्याने जमिनीवरून मान उंच करून पाहिली होती आणि ‘मेलेल्या सालीवरची, धोका नाही’ असं लिहून सही ठोकली होती.

तिच्यासारखीच दिसणारी दुसरी एक जात असते, ती आतून गाभा पोखरते. वरून दोघी जुळ्या बहिणी. ओळखायच्या तर उलटून बघायचं. खालून गुळगुळीत असेल तर बिनघोर. बारीक भोकं असतील तर झाडाचे दिवस भरले. नवशिक्यालाही हे पाठ असतं.

समोरच्या बाकावर माळीकाका बसले होते. मांडीपर्यंत प्लास्टर, शेजारी कुबड्या. झाड कोसळलं तेव्हा ते खाली वाफे खुरपत होते.

“पाणी मीच जास्त घातलं हो,” काका म्हणाले. “बागेच्या ऑफिसातल्या बाई म्हणतात, त्यानंच सडलं. उद्या बोलावलंय मला. बावीस वर्षांची नोकरी आता तुमच्या कागदावर आहे. पण साहेब, माझ्यासाठी खोटं लिहू नका. चुकलो असेन तर चुकलो.”

‘अतिपाणी’ एवढंच लिहिलं की सुंठीवाचून खोकला जाणार होता. हे आपल्या मनात आलंच कसं, याची तपासनीसाला लाज वाटली.

त्याने बुरशी उलटली. भिंगाची गरजच नव्हती. सुईने टोचल्यासारखी भोकंच भोकं.

“पाण्यानं नाही पडलं, काका. चूक माझी आहे. गेल्या वर्षी हे उलटून बघायला हवं होतं. उंचावर होतं, मी कंटाळा केला. तसंच लिहितो आता.”

काकांनी तो तुकडा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. ते चिडले असते, चार शिव्या हासडल्या असत्या, तर त्याला बरं वाटलं असतं.

“शिडी आणली होती की मी तेव्हा,” काका म्हणाले. “खांद्यावर घेऊन आलो होतो. तुम्हीच म्हणालात, ‘राहू द्या काका, या वयात चढउतार कशाला? उगाच पायबिय मोडून घ्याल.’”