टोपल्यातली कोंबडी

यंदा कापसाने दगा दिला, तरी कापणीच्या सणाला चर्चमध्ये रिकाम्या हाताने जाणं रुपीबाईच्या जिवावर आलं. तिने आपली एकुलती एक कोंबडी टोपल्यात घालून देवाला वाहिली. दरसालसारखा वाहिलेल्या वस्तूंचा लिलाव झाला. चर्चच्या छपराची गळकी टिनं बदलायची होती, म्हणून कोंबडी घेणारा जो तो पैसे देई आणि म्हणे, "माह्याकडूनही देवालेच ठेवा." अशी ती सातदा विकली गेली. आठव्याने मात्र ती टोपल्यासकट रुपीबाईलाच देऊन टाकली.

घरी जाऊन टोपलं उघडलं आणि रुपीबाई तशीच माघारी पास्टरच्या दारात आली.



"कोंबडी माही झाली, पास्टरसाहेब, पन हे अंडं ठेवा. लिलाव चालू होता तवा घातलं तिनं, अन् तवा थे देवाची होती."