ठकूची दुपारची झोप

"झोपली होती?" दारात चपला काढता काढता तिने विचारलं.

"मस्त," नणंद म्हणाली. "बाबागाडीतून चक्कर मारायला नेलं, तर हू नाही की चू नाही. आत्ता उठलीये. बघ कशी टवटवीत दिसतेय."

ठकू आत्याच्या खांद्यावर होती. आईला पाहून हसली, आणि हसून झाल्यावर पुन्हा आत्याच्या चष्म्याच्या दोरीकडे वळली. एवढंच. पण आईच्या आत काहीतरी बारीक टोचलं. दिवसभर लोकांच्या दातांच्या मुळाशी सुया घालणारी बाई ती. टोचलं कुठे हे तिला नेमकं कळलं.

तिचा दातांचा दवाखाना घरापासून दोन गल्ल्या सोडून होता. बाळंतपणानंतर ती कामावर परतली तेव्हा नवऱ्याची मोठी बहीण, जिला घरात सगळे ताई म्हणत, आपणहून राहायला आली. पहिल्याच दिवशी तिने ताईला बजावलं होतं, "ठकूला दवाखान्यात आणायचं नाही हं. जंतू असतात. आणि ते मशीन ऐकून मोठी माणसंसुद्धा खुर्चीचे हात घट्ट धरतात."

"नाही टाकणार आत पाऊल, डॉक्टरीणबाई," ताई म्हणाली होती.

दुपारी आत्याजवळ गाढ झोपणारी ठकू रात्री आईजवळ टक्क जागी असे. तिने काय करायचं बाकी ठेवलं होतं? आवाज काढणारं एक पांढरं अंड्यासारखं यंत्र आणलं. त्यात पाऊस होता, समुद्र होता, पंख्याची घरघर होती, आईच्या काळजाचे ठोके होते. कोणाच्या आईचे, देव जाणे. ठकूने सगळे आवाज ऐकून घेतले आणि भोकाड पसरलं. समुद्र लागला की नवरा मात्र घोरायला लागे.

"पैसे वाया नाही गेले," तो सकाळी म्हणाला. "मला इतकी झोप लग्नाआधीही लागत नव्हती."

तिला हसू आलं नाही.

रविवारी दवाखाना बंद. रविवारी ठकू ताईलाही दाद देत नसे. तीच बाबागाडी, तीच शाल, तीच चक्कर, आणि पोर रडून लालबुंद. "आज काही हिचं खरं नाही," म्हणत ताई परत येई. ठकूच्या आईने मनाशी याचाही अर्थ लावून टाकला. मी घरात असले की या मुद्दाम झोपवत नाहीत. म्हणजे आईमुळेच पोर बिघडते, हे सगळ्यांना दिसावं.

एकदा भांडी पुसता पुसता ताई म्हणाली, "एक सांगू? रागावणार नसशील तर. ठकू झोपते ना, ती माझ्यामुळे नाही गं..."

"ताई, प्लीज. माझी समजूत नका घालू."

ताईने हातातलं पातेलं पुन्हा एकदा पुसलं.

त्या आठवड्यात ठकू झोपेत हसली, आणि शालीत नाक खुपसून हसली. ताईच्या शालीत. तिने ठरवून टाकलं. जेवताना सांगितलं, "मी दवाखाना बंद करतेय. निदान वर्षभर. ताई, तुम्हालाही तुमचं घर आहे. किती दिवस अडकून राहाल?"

नवऱ्याचा घास हातातच राहिला. "अगं, पण इतक्या कष्टाने उभा केलास..."

"पूर्ण बंद?" ताईने विचारलं. "मशीनं वगैरे सगळंच?"

"विकणार आहे."

ताईचा चेहरा उतरला. तो उतरलेला पाहून तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची थोडी लाजही वाटली.

शेवटच्या दिवशी ताईची बॅग दाराशी होती. "मग आज जरा जास्त वेळ फिरवून आणते हिला," ताई म्हणाली.

"न्या की. आजच काय ते."

दवाखान्यात शेवटच्या पेशंट म्हणून एक निवृत्त मुख्याध्यापिका आल्या होत्या. खुर्चीत बसता बसता म्हणाल्या, "मागच्या खेपेला तुमचं पोट अगदी माझ्या कानाशी होतं. लाथ बसेल म्हणून मी अंग चोरून होते. पण मशीन चालू होतं तोवर आत सगळं शांत."

"तेव्हा शहाणी होती माझी लेक."

"आणि आता?"

"आता आत्याची झालीये. मोठ्ठा आ करा."

तिने सावकाश काम केलं. दाढ कोरली, भरली, घासून गुळगुळीत केली. मशीनचा तो किंचाळणारा आवाज इतक्या वर्षांत तिला ऐकूच येईनासा झाला होता; आज तेवढा नीट ऐकला. मग पेडलवरचा पाय काढला आणि भिंतीवरचं मोठं बटण खाली ओढलं. हवेचा पंपही धापा टाकत थांबला. खोली एकदम रिकामी झाली.

बाई चूळ भरत होत्या. मागच्या बोळात उघडणाऱ्या खिडकीच्या धुरकट काचेपलीकडे एक मूल दचकून रडायला लागलं.

ते रडणं तिने झोपेतही ओळखलं असतं.

"उगी, ठकू, उगी," काचेपलीकडून दबका आवाज आला. "आहे गं आई, आतच आहे. करेल हं पुन्हा चालू."